बर्फाच्या पेटीतले बटाटे

आई, आज घरात बटाटे उकडले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

टेंभी नाक्याजवळच्या आपल्या घरी मी मुदतीच्या तापानं पडलो होतो, तो उन्हाळा. बाबा कचेरीतून येताना मुंबईहून बर्फ आणायचे, घोंगडीत गुंडाळून. तो लाकडाचा भुसा भरलेल्या पेटीत राहायचा, माझ्या कपाळावरच्या घड्यांसाठी. उकाड्यात बटाट्यांना मोड येत, सुरकुत्या पडत, म्हणून त्याच पेटीच्या कोपऱ्यात तू थोडे बटाटे ठेवलेस. माझा ताप उतरेपर्यंत ते तिथंच होते, आणि नुकतेच खणून काढल्यासारखे टणक राहिले.

मला अन्न नकोसं झालं होतं. तू त्यातला एक उकडून, कुस्करून, मीठ-जिरं लावून भरवतेस. मी सगळा खातो, गोड आहे म्हणतो, आणखी मागतो. शेजारी बसलेली आजी चाखून बघते आणि तिचा चेहरा बदलतो. वैद्यांनी गोड बंद केलेलं. पोराच्या जिवाशी खेळतेस का, असं ती सगळ्यांसमोर विचारते. तू एवढंच म्हणालीस, "मी साखर घातली नाही." बाबांनी साखरेचा डबा उचलून आजीच्या खोलीत नेऊन ठेवला. उरलेले बटाटे तू चुलीजवळच्या टोपलीत टाकलेस. काही दिवसांनी तेच बटाटे केलेस तर गोडी गेलेली, आणि मग तर सगळ्यांची खात्रीच पटली. आजी होती तोवर डबा तिच्याच ताब्यात राहिला.

आता मी बर्फाच्या कारखान्यात कारकून आहे. कल्याणला बिऱ्हाड केलंय, बाबा माझ्याकडेच असतात. यंदा थोडे बटाटे कारखान्यातल्या थंड खोलीत ठेवले होते. घरी आणून उकडले, तर गोड. तिथल्या रसायनशास्त्र शिकलेल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, थंडीनं बटाट्यातल्या पिठाची साखर होते. पुन्हा उबेत ठेवले की ती बरीचशी ओसरते. बाबांना आधी काही न सांगता मी ते ताटात वाढले. पहिल्याच घासाला ते थांबले. "साखर कोणी घातली?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ती सांगत होती मला."

हे कुठं पाठवणार? तरी एक लिहून ठेवतो. तू साखर घातली नव्हतीस हे कळल्यावर मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. वैद्य, आजी, बाबा, सगळ्यांना डावलून माझ्यासाठी चिमूटभर साखर घालणारी आई मी इतकी वर्षं मनात धरून होतो.