इच्छाशक्तीचा डबल डोस

३ मार्च
पेस्काराला जाऊन आलो. बायकोला, दोनाताला सांगितलं, मासेमारीचे गळ आणायला चाललोय. खरं म्हणजे मनाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आमच्या तेर्मोलीतही आहेत डॉक्टर. पण ज्या गावाच्या चौकात ट्रॅफिक पोलिसांचा कमांडंट म्हणून उभा जन्म शिट्टी फुंकली, दंड ठोठावले, तिथे मी असल्या दवाखान्याच्या बाकावर बसलेलो बरा दिसेन का?
डॉक्टर म्हणाले, रिटायर झाल्यावर पुष्कळांना होतं असं. झोप उडते, चिडचिड होते, कशात मन लागत नाही. मी म्हटलं, माझं तसं काही नाही. फक्त झोप येत नाही, चिडचिड होते आणि कशात मन लागत नाही.
रोज सकाळी एक गोळी. तुमच्या वयाला एवढीच, याच्यावर नाही, असं बजावून सांगितलं. आणि एक ईसीजी काढून घ्या म्हणाले. या गोळीचा कधीकधी हृदयाच्या ठेक्यावर परिणाम होतो म्हणे.
डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.

५ मार्च
ईसीजी लांबणीवर. हृदयाच्या दवाखान्यात निम्मं गाव बसलेलं असतं. ‘कशाला काढताय ईसीजी?’ असं विचारलं तर काय सांगू? शिवाय माझं हृदय उत्तम आहे. मला नाही कळणार तर कुणाला? माझंच आहे ते.
गोळ्या गळांच्या डब्यात, आमिषाच्या अळ्यांखाली ठेवल्यात. दोनाता तिथे मरेपर्यंत हात घालणार नाही.

९ मार्च, सकाळ
कॉफी कडू लागली. दोनाता म्हणाली, पाकीट नवीन आहे. वाद घातला. मग उरलेली कॉफी ओतून टाकली, तर ती रडायलाच लागली. कॉफीसाठी कुणी रडतं का? बायकांचं काही कळत नाही.

१० मार्च
कॉफी पुन्हा कडू. आज मुकाट्याने प्यायलो. शेवटचा घोट जाईपर्यंत दोनाता माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. इतकी वर्षं झाली लग्नाला, तरी माया आहे.

२ एप्रिल
चमत्कार! मासळीबाजारासमोर एकाने भर रस्त्यात व्हॅन लावली होती. मी शांतपणे बाजूने निघून गेलो. तोच घाबरून मागे आला आणि म्हणाला, “कमांडंट, बरे आहात ना? काढतो मी गाडी, पण असं गप्प राहू नका हो.”
क्लबात नाझारियोने विचारलं, “अरे, तुझ्यात झालाय काय बदल? दोन डाव हरलास आणि टेबल जागेवर!” नाझारियो आमच्या ज्येष्ठांच्या क्लबाचा सेक्रेटरी. कानाने अधू, पण डोळ्याने चौकस. मी म्हटलं, इच्छाशक्ती. पहाटे थंड समुद्रात पोहतो, श्वासावर ताबा ठेवतो.
(समुद्रात एकदा गेलो होतो. गुडघ्यापर्यंत.)
त्याने तिथल्या तिथे माझं व्याख्यान ठरवलं. विषय ‘राग कसा जिंकावा’. आढेवेढे न घेता होकार दिला. आपल्याजवळ आहे ते समाजाला द्यावं.

२० एप्रिल
जिना चढताना छातीत गंमत झाली. एक ठोका चुकला, मग दोन एकदम पडले, जुन्या स्कूटरच्या इंजिनासारखे. नवा उत्साह संचारतोय, त्याचंच हे लक्षण असणार. खुर्चीतून उठताना जरा अंधारी येते. खुर्ची बुटकी आहे.
पेस्काराच्या डॉक्टरांचा फोन आला. ईसीजी काढलात का? मी “होऊन जाईल” असं इतक्या ठामपणे म्हटलं की त्यांचं समाधान झालं असावं.
निश्चय : व्याख्यान झालं की दुसऱ्या दिवशी ईसीजी.

६ मे
खोकला, ताप. दोनाता म्हणते, व्याख्यान पुढे ढकल. संयमावर बोलणारा माणूस तापाला घाबरतो का? तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “तू शांतपणे बोललास तरी ऐकत कुणाचंच नाहीस.”

११ मे, इस्पितळ
व्याख्यानाला गर्दी चांगली होती. बहुतेक सगळे माझ्याकडून कधी ना कधी दंड भरलेले. मी सुरुवात केली, “मित्रहो, मनावर ताबा असला की शरीर आपोआप ताब्यात येतं.” तेवढ्यात छातीत काहीतरी फडफडलं, दिवे लांब गेले आणि मी आडवा.
शुद्धीवर आलो तेव्हा नाझारियो माझ्याच भाषणाच्या कागदांनी मला वारा घालत होता. मागच्या रांगांना वाटलं, विश्रांतीचं प्रात्यक्षिक चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.
हृदयाच्या डॉक्टर, स्कियावोने नावाच्या पोरसवदा बाई, ईसीजीची पट्टी हातात धरून म्हणाल्या, “ठोका पडला की हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. तुमच्या हृदयाला फारच वेळ लागतोय. अशात ठेका बिघडला तर माणूस जातोसुद्धा. कोणती औषधं घेता?”
मी म्हटलं, व्हिटॅमिन.
“नीट आठवा. खोकल्यासाठी अँटिबायोटिक द्यायचंय. काही अँटिबायोटिक्सनी हा वेळ आणखी वाढतो. चुकीचं दिलं तर आज इथून घरी जाणार नाही तुम्ही.”
घाम फुटला. दोनाता शेजारीच उभी. म्हटलं, “दोनाता, जरा पाणी आणतेस?” ती म्हणाली, “डॉक्टर, यांना आधी एक्स-रेला पाठवा ना, मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत.” मी म्हटलं, आधी पाणी. ती म्हणाली, आधी एक्स-रे. डॉक्टरबाई ओरडल्या, “कुणी कुठे जाणार नाही! बोला!”
मी गोळीचं नाव सांगितलं.
“आई गं,” दोनाता म्हणाली, “मी त्याच औषधाचे थेंब रोज याच्या कॉफीत घालतेय.”

१४ मे, इस्पितळ
छातीला तारा. गोळी बंद, थेंब बंद. ठेका हळूहळू रुळावर येतोय. पेस्काराच्या डॉक्टरांशी डॉक्टरबाईंचं फोनवर बोलणं झालं, हृदयाला कमी त्रास देणारी दुसरी गोळी सुरू करणार आहेत. ईसीजी काढून. हे ‘काढून’ डॉक्टरबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.
दोनातावर भयंकर चिडायचं ठरवलं होतं. नवऱ्याला न सांगता औषध पाजायचं! म्हटलं, मी मेलो असतो. ती म्हणाली, “हो. मीही तेव्हापासून तेच म्हणतेय स्वतःला.” तीन दिवस झोपलेली नव्हती ती. चिडणं जमलं नाही.
मग विचारलं, थेंब मिळाले कसे? म्हणाली, “आपल्या डॉक्टरांकडे गेले. तू येणार नव्हतास, म्हणून म्हटलं, मलाच होतंय. झोप येत नाही, न्हाणीघरात जाऊन रडते, चूल पेटवावीशी वाटत नाही.”
मी म्हटलं, झकास थाप मारलीस! मी कधी रडलोय न्हाणीघरात?
ती म्हणाली, “थाप कुठे मारली? सगळं खरंच सांगितलं. फक्त औषध तुला घातलं.”
नर्स आली म्हणून बरं झालं.

९ जून
आज आम्ही दोघं आमच्या गावच्याच दवाखान्यात गेलो. तिचे थेंब आता तिनेच घ्यायचे, पण आधी तिचाही ईसीजी. डॉक्टरांनी मला विचारलं, यांची झोप कधीपासून उडालीय? मी म्हटलं, मार्चपासून. दोनाता म्हणाली, “दोन वर्षं झाली.” एकाच पलंगावर झोपतो आम्ही.
ती ईसीजीला आत गेली. मी तिची पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसलो. समोर नाझारियो! म्हणाला, “तू इथे?” मी म्हटलं, बायकोसाठी आलोय. तिला जरा बरं नसतं.
दार उघडंच होतं. दोनाताने ऐकलं. मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा छताकडे बघत पडून राहिली.
मी हळूच म्हटलं, “नाझारियो, खरं म्हणजे मीही मनाच्या गोळ्या घेतो.”
“काय?”
“गोळ्या घेतो मी.”
“कुठल्या टोळ्या?”
शेवटी चौकातल्या आवाजात ओरडलो, “डोकं ठिकाणावर राहावं म्हणून मी रोज गोळी घेतो! इच्छाशक्ती वगैरे काही नाही!”
अख्ख्या दवाखान्याने माना वळवल्या. मी छाती पुढे काढून वाट बघत बसलो. हसा, कुजबुजा, काय करायचं ते करा.
कोपऱ्यातल्या म्हातारीने विचारलं, “कोणती हो? पांढरी की गुलाबी?” नाव सांगितलं. ती म्हणाली, “मला ती नाही मानवली. तोंड कोरडं पडायचं.” दुसरी म्हणाली, तिला गुलाबीने गुण आला. नाझारियो म्हणाला, तो अर्धीच घेतो, पण गुडघ्यांचं काय करावं?
मग सगळे गुडघ्यांवर बोलू लागले.