साक्षीच्या आदल्या दिवशी

प्रिय बाबा,

इथे राजधानीत, हेलेनात, आज सकाळपासून बर्फ भुरभुरतोय. आई कशी आहे? मागच्या रविवारी तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. तुम्हाला मात्र पावलांवरून ओळखलं. त्या शुश्रूषागृहातल्या बायका तिचे केस किती मायेनं विंचरतात! तिथला खर्च कुठून निघतो, हे आपण कधी बोललो नाही. मला ठाऊक आहे. आमदारकी सोडून तुम्ही खाणकंपनीची नोकरी धरलीत ती तिच्यासाठीच.

माझ्या विधेयकाबद्दलही आपण बोलणं टाळतो. खाणीची करमाफी बंद करायची आणि माजी आमदारांनी कंपन्यांच्या पगारावर विधानसभेत वशिले लावत फिरायचं नाही, एवढंच त्यात आहे. प्रचाराच्या वेळी बेकरीवाल्या एड्नानं मला दारातच धरलं होतं. "माझ्या भट्टीवर कर, आणि अख्खा डोंगर पोखरणाऱ्यांना माफी? ते काय सरकारचे जावई लागतात, मार्लिस?" गावची शाळा शुक्रवारी बंद असते, कारण तेवढा पैसाच नाही. तुमच्याच जागेवर मला तिच्यासारख्यांनी पाठवलं.

इथे टोमणे चालूच असतात. काल जिन्यात एक जण म्हणाला, "लेक कायदा करते, बाप तो पाडायचा पगार घेतो. बरं आहे, घरचं घरात!" मी हसून पुढे गेले.

दुपारी, मी जिची अध्यक्ष आहे त्या समितीची चिटणीस लोर्ना आली. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "उद्याच्या सुनावणीत विधेयकाच्या विरोधात तुझे वडील बोलणार आहेत. सामान्य नागरिक म्हणून नाव दिलंय. कंपनीचा उल्लेखच नाही गं." अध्यक्षपद एका दिवसापुरतं उपाध्यक्षांकडे द्यावं असंही मनात आलं. पण ते कंपनीच्या बाजूचे. विधेयक उद्याच पुरलं जाईल. म्हणून खुर्चीवर मीच बसणार आहे.

प्रत्येक साक्षीदाराला मी शपथ देऊन विचारते, तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय? उद्या तुम्हालाही विचारीन, 'मिस्टर हॅल्व्हर्सन' म्हणून. तुम्ही "स्वतःच्या" म्हणालात, तर खरं काय ते त्या भरल्या सभागृहात मला सांगावं लागेल. आणि ते मी सांगेन, बाबा. तेवढी वेळ माझ्यावर आणू नका, एवढं मागायलाच हे लिहून आजच हातोहात पाठवतेय. खुशाल विरोध करा, फक्त कंपनीचं नाव घेऊन करा. नोकरी गेली तर आईला माझ्याकडे आणू. मागची खोली मी रिकामी करायला घेतली आहे.

काहीही झालं तरी तुमचीच,
मार्लिस