नदीपल्याड राह्यलेली सत्यशीला

जिवाभावाचे नदीमभाऊ,

ब्रह्मपुरीकडल्या तुमच्या लटारूचा राम राम अन् सलाम, दोन्ही घ्या, जो आधी पोचेल तो आधी. चंद्रपूरच्या उन्हात तुमचा गुडघा कसा आहे? (इथी लोक म्हणतात का चंद्रपुरात दुखणं आपोआप शेकून निघते, पण लोकायचं काय जाते.) फरहतभाभीले सलाम सांगा, अन् त्यायनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं संपलं हेही सांगा, पण सहज बोलता बोलता सांगा. इकडे सारे मजेत आहेत. म्हणजे मी नाई, पण पत्राची सुरुवात अशीच कराची असते.

तुमाले माहीत आहे, नजर अधू झाली अन् मी नाटक मंडळीतलं प्रॉम्प्टिंग सोडलं. सारी उमर रंगमंचासमोरच्या खड्ड्यात तुमच्या ऑर्गनच्या बाजूले बसून राजाले राजाचे अन् चोराले चोराचे शब्द पुरवले. आता झाडीपट्टीच्या नाटकायचा हंगाम माझ्याबिगर येते अन् जाते. सकाळी मोहफुलं येचून झाली का दुपार संपता संपत नाई. अशात होळीनंतर माझी भाची मयुरी पुण्याहून आली अन् एक खेळ शिकवून गेली. त्या खेळात पट नाई, सोंगट्या नाई. एक जण नुसतं सांगते का समोर डोंगर आहे, डोंगरात गुहा आहे, आतून धूर येऊन राह्यला. बाकीचे आपापलं सोंग धरून सांगतात का आमी काय करतो. जमते का नाई अशी शंका आली का पासा टाकाचा. (पासे पण कसे, एकाले तर वीस तोंडं.) सांगणाऱ्याले गेममास्टर म्हणतात. मयुरी म्हणाली, मामा, तुमाले सगळ्यायचे संवाद पाठ राहत होते, तुमीच व्हा. अन् पासे माझ्या हातात देऊन बसमध्ये बसली.

खेळाले तिघं जण. शेजारचा बुधू, अंगणवाडीच्या इंदुताई अन् आमची सत्यशीला. (तुमची वहिनी खेळाले बसंल असं मले सपनातही वाटलं नव्हतं. तांदूळ निवडता निवडता बसली.) पहिल्या दिवशी मी सांगतलं, समोर गुहा आहे. बुधू गप. आता तुमीच सांगा, समोर नट गप उभा आहे अन् लटारू चूप बसंल काय? आपसूक माझ्या तोंडातून हळूच निघालं, "मी तलवार उपसतो!" बुधूनं लगेच हात वर करून तेच म्हटलं, पार शेवटच्या रांगेले ऐकू जाईल असं. मंग इंदुताईले वाक्य दिलं, सत्यशीलाले दिलं. चहाच्या आत राक्षस मेला, खजिना भेटला, पडदा पडला. इंदुताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लटारूभाऊ, सारं तुमीच बोलता, तं आमाले कायले बसवलं?"

तवापासून मी तोंडात सुपारी धरून बसतो. पण गप बसलं का हे लोक भलतंच करतात. एक दिवस मी वाटेवर डरकाळी फोडणारा पट्टेवाला आणून उभा केला. (कागदावरही त्याचं नाव लिहत नाई, जंगल जवळ आहे.) वाटलं, आता पासे खणखणतील. कुठी काय! बुधूनं साऱ्यायले मागं फिरवलं. वाट त्याची आहे, आपण उद्या येऊ म्हणाला. इंदुताईनं विचारलं का वनरक्षकाले कळवलं काय. मी म्हटलं, बाई, तुमी तलवारवाल्या राणी आहा. त्या म्हणाल्या, राणी आहो म्हणून काय जीव नकोसा झाला? तिघंही खेळातल्या आपापल्या घरी गेले अन् खेळातच आंबाडीची भाजी शिजवली. दुपारभर पासा हलला नाई.

मंग मी नदी आणली. नदीमभाऊ, ती नदी कुठून आली मले ठाऊक नाई. मी डोळे मिटून सांगत गेलो अन् ती येत गेली. वैनगंगेसारखीच, पण पाणी हळू. पल्याड पांढरी रेती, रेतीमागं धुकं, धुक्यात एक गाव. तिथी कोणाच्या दाराले कडी नाई. धान सदा पिकाले आलेलं, वाऱ्यानं त्याचा वास येते. मोहफुलं टपटप पडत राहतात अन् कोणी घाईनं येचत नाई, कारण ती उद्याही तिथीच राहतील. मी सांगून राह्यलो अन् तिघंही श्वास धरून ऐकून राह्यले. उन्हाची झळ होती, तरी बुधूनं अंगावर दुपट्टा ओढून घेतला. तीन दिवस ते त्या गावात फिरले. मंग बुधू अन् इंदुताई खजिन्याच्या मागं परत निघाले. सत्यशीला म्हणाली, मी इथीच राह्यते.

अन् राह्यली! बाकीचे कुठच्या कुठी पोचले. मी रोज तिले विचारतो, आज काय करतं? ती म्हणते, बसते. दुसऱ्या दिवशी म्हणते, वांगे लावते. एकदा म्हणाली, अंगणात खाट टाकून ढग पाहते. मी पूर आणला, तर ती छताखालच्या पाटणीवर चढून बसली अन् पाशावर वीस पाडले. मी वसुलीवाला पाठवला, त्याले तिनं चहा पाजला. शेवटी नावाडी पाठवला अन् त्याच्या तोंडून म्हटलं, बाई, घरून निरोप आहे. तिनं माझ्याकडे पाह्यलं अन् म्हणाली, नावाड्याले म्हणा, मले कामं आहेत.

तुमाले हसू येत असंल. मलेही आधी आलं. पण आता चुलीपाशीही ती तिथीच असते. वरणात मीठ विसरते, हाक मारली तर दोनदा मारा लागते, अन् एकटीच हसते. हर हंगामात मी गावोगावी अन् ती घरी बसलेली. आता मी घरी आलो तर ती निघून गेली, अन् तेही मीच बांधलेल्या गावात. भाऊ, मले भीती वाटून राह्यली. एक वाक्य हळूच दिलं असतं तर काम होत होतं, "मी परत येते," एवढंच. ओठावर येते अन् गिळून टाकतो. तिच्या तोंडचं तिनंच बोलाचं, असा नेम आहे. अन् मी स्वतः तिथी जाऊ कसा? त्या खेळात नदी मी, नाव मी, पूर मी, वसुलीवाला मी. फक्त लटारू कुठी नाई.

असो. बाकी सारं ठीक. उन्हात हिंडू नका.

तुमचा,
लटारू

ता. क. पत्र लिहाचं खरं कारण राह्यलंच. चार दिवस निघून या. तुमी नवे गडी म्हणून खेळाले बसा, नदी ओलांडा अन् तिले समजावून परत आणा. माझा नावाडी तिनं आवाजावरून ओळखला. तुमचं ती ऐकंल. ऑर्गन आणला तर बरंच.

ता. क. दुसरं. नदीमभाऊजी, मी सत्यशीला. पाकीट चिकटवाले हे माझ्याजवळच देऊन गेले. तुमी जरूर या, पण मले आणाले नको. चार दिवस खेळ तुमी सांगा अन् ह्यायले खेळाले बसवा. मी तिथी दोघायपुरतं घर पाहून ठेवलं आहे, पण ह्यायले खेळ सांगत बसा लागते म्हणून तिथी येता येत नाई. नाव काठाले लागली का तुमी गप राहा, ह्यायले काही सुचवू नका. सारी उमर हे दुसऱ्यायचे शब्द बोलले. उतरल्यावर हे स्वतःच्या मनानं काय बोलतात, ते मले ऐकाचं आहे.