सातवं कुलूप

९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तू पानभर झाडलंस, ते मी उभ्या उभ्या वाचलं. म्हणजे शिक्षा भोगून झाली. आता माझी खबर ऐक. मामा कागद गिरणीत मेस्त्री आहे, त्यानं मला त्याच्या दुरुस्तीच्या टोळीत घेतलंय. टोळीत सगळ्यात कच्चा मीच, त्यामुळे लगद्याच्या टाकीत उतरून तळ खरवडायचा मान माझा. ओल्या कागदाचा वास साबणानं जात नाही. परवा खाणावळीत शेजारचा माणूस ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसला.

मामाची इथं एक रीत आहे. आम्ही टाकीत उतरण्याआधी तो यंत्राचा मुख्य खटका बंद करतो आणि त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावतो. मग आम्ही एकेक जण आपापलं लावतो. सात माणसं, सात कुलपं, ज्याची किल्ली त्याच्या खिशात. एक जरी कुलूप लटकत असलं तरी यंत्र सुरू होत नाही. बाहेर आलं की आपलं काढायचं. मामाचं पहिलं लागतं आणि शेवटी निघतं. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, की तुझं कुलूप तुझ्याशिवाय कुणी काढणार नाही, मालक आला तरी नाही. तुला बाहेर आलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी गिरणी सोडणार नाही. आणि चुकलास तर आत मी तुझी सालटी काढीन, पण बाहेर नाव माझं जाईल. मी म्हटलं, मामा, अशी वचनं लोक लग्नात देतात. तो हसला, पण किल्ली माझ्या मुठीत घट्ट दाबूनच.

तिची काही खबर? ती बसते त्या ग्रंथालयात तू जातेसच, तर सहज म्हणून विचार. सरांनी भर वर्गात मी तिला लिहिलेली चिठ्ठी वाचून दाखवली आणि मी तिच्यासाठी त्यांच्याशी भांडून कॉलेज सोडलं, हे तिला कळलंय का, तेवढंच.

लोभ आहे तेवढा राहू दे, कान धरायला लागेल तेवढा वजा करून.

तुझा धाकटा


२१ फेब्रुवारी

चि. तापटरावांस अनेक आशीर्वाद.

तू तिच्यासाठी भांडलास म्हणे! तू भांडलास स्वतःच्या नाकासाठी, आणि नाक आता लगद्यात बुडवून बसलायस. असो. ग्रंथालयाच्या खिडकीशी मी सहज विचारलं, अगदी तू सांगितलंस तसं सहज. तुझ्याकडे दोन पुस्तकं राहिली आहेत, ती परत कर, असा तिचा निरोप आहे. यातून काय अर्थ काढायचा तो काढ, तू काढशीलच.

पुढचं लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं. तिचं लग्न ठरलंय. सहा मार्चला ती घर सोडून जाते आहे. दुपारी बारा वाजता तिची बस तुमच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. बाहेरून कळलं असतं तर तू भिंतीवर डोकं आपटलं असतंस, म्हणून मीच कळवते. भेटायचंच असेल तर मामाला विचारून रजा काढ. तो नाही म्हणणार नाही. मामीला एकदा बघायला म्हणून तोही सायकलवरून बारा मैल गेला होता आणि उलट्या गावात पोचला होता.

मामाला उलट बोलू नकोस. आपले बाबा गेल्यावर आपल्या दोघांना मोजून जेवायला बसवणारा तोच होता.

अंग पुसत जा, ओल्या कपड्यांत राहू नकोस. पत्राला उशीर झाला तर लोभात कपात होईल.

तुझी ताई


२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

पत्ता पाकिटावर दिलाय, मामीला सांगू नकोस. इथं एका गोदामात खोकी बांधतो. मामाला अपघात झाला एवढंच तुला कळलं असेल. कसा झाला ते मला लिहायला हवं, आणि चार कागद फाडून हा पाचवा आहे.

पाच मार्चला मी दोर न बांधता टाकीत उतरलो होतो. मामानं मला कोपऱ्यात नेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं झापलं. मी मात्र सगळ्यांसमोर ओरडलो, की तुझी टोळी आणि तुझी कुलपं तुलाच लखलाभ. त्यानं दोर गुंडाळून खुंटीला लावला. मग दुसऱ्या दिवशी रजा कुठल्या तोंडानं मागू? सकाळी टाकीत उतरलो. साडेअकराला पाणी प्यायला म्हणून वर आलो, घड्याळ पाहिलं आणि मागच्या फाटकातून निघालो. कुणाला सांगितलं नाही. किल्ली खिशात, कुलूप खटक्यावर.

ती बसच्या खिडकीशी होती. लगदा वाळलेले माझे कपडे पाहिले आणि विचारलं, कामावर सांगून आलास ना. मी हो म्हटलं. बरं झालं, म्हणाली, जपून राहा. मग काच ओढून घेतली. एवढंच, ताई. पुस्तकांचंसुद्धा तिनं विचारलं नाही. मी कालव्याच्या कडेनं भटकत बसलो आणि तीन वाजता परतलो.

मधे काय झालं ते लांब्यानं सांगितलं. तो मामाच्या हाताखालचा सगळ्यात जुना माणूस. एक वाजता काम संपलं. पाच कुलपं निघाली, मामाचं शेवटी निघायचं, आणि सातव्याचा मालक सापडेना. ऑफिसातला साहेब कुलूप तोडायला कटर घेऊन आला. मामा खटक्याला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, की पोरगं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणजे ते आत आहे. टाकीत हाका मारल्या. टाकीखाली मोरी आहे, तिथं कुजलेल्या लगद्याचा वायू साठतो. मी घसरून तिथं पडलो असेन असं त्याला वाटलं. हवा सोडायचा पंखा आणायला माणूस पळाला होता, पण तेवढाही धीर मामाला निघाला नाही. लांब्या म्हणाला मी जातो. मामानं त्याच्या हातातला दोर काढून स्वतःच्या कमरेला बांधला. ओढून वर काढला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

मी पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. खटक्यावर मामाचं कुलूप आणि माझं, दोनच. सगळे बाजूला झाले. कुणी हात उगारला नाही. उगारायला हवा होता. मी माझं काढलं. साहेबानं विचारलं तेव्हा लांब्यानं सांगितलं, की पोराला मेस्त्रीनंच कामाला बाहेर पाठवलं होतं, मेस्त्री सांगायचा विसरला. मामाचं बाहेरचं वचन त्यांनी पाळलं, मामा शुद्धीवर नसताना. ते माझ्यानं ऐकवलं नाही. तसाच पळालो, दवाखान्यातही गेलो नाही.

लोभ मागायचा मला हक्क नाही. जागा मोकळी ठेवतो.

तुझा


१४ एप्रिल

चि. धाकट्यास,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा ते चुलीत टाकायला निघाले होते. पाच आठवडे मामी मला विचारते आहे, की पोरगं सुखरूप आहे ना. आणि तू खोकी बांधतोयस.

बसची वेळ मी कळवली होती. त्यामुळे तुझ्यावर ओरडताना माझा आवाजही आता पूर्वीइतका चढत नाही.

परवा मामाकडे जाऊन आले. तो घरी आलाय. चालतो, जेवतो, मामीला ओळखतो. पण डोकं त्या दुपारी अडकून राहिलंय. रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसतो आणि बोटं मिटत मोजतो. सहापर्यंत येतो, सातवं बोट तसंच उघडं धरून दाराकडे बघत राहतो. जेवायला उठवलं तर उठत नाही, म्हणतो अजून सगळे बाहेर आले नाहीत. मामीला वाटायचं, औषधाच्या गोळ्या मोजतोय. तुझं पत्र वाचलेलं होतं, म्हणून मला कळलं.

माफी मागायला जाऊ नकोस, ती त्याच्या उपयोगाची नाही. त्याला तू दिसायला हवास. त्यानं तुला शब्द दिला होता, तो अजून त्याच्या डोक्यावर बसलाय. जा आणि उतरव.

मामीला मी सगळं सांगितलंय. तिनं तुझं अंथरूण उन्हात घातलंय.

जागा मोकळी ठेवायची गरज नव्हती. लोभ होता तिथंच आहे.

तुझी ताई


३० एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आलो. रविवारी पोचलो. मामीनं दार उघडलं, पाण्याचा तांब्या दिला आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच.

संध्याकाळी मामा उंबऱ्यावर बसला. मी समोर जाऊन बसलो. त्यानं मोजायला सुरुवात केली. मला वाटलं, आता सात म्हणेल. सहा झाले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, की तू कुठल्या टोळीतला. मी नाव सांगितलं. त्यानं ऐकलंच नाही. म्हणाला, तू मोरीच्या तोंडाशी येऊ नकोस पोरा, तिथंच थांब, आत वायू आहे. माझा भाचा आत राहिलाय. डोक्यानं गरम आहे, पण न सांगता जाणारा नाही.

मी खिशातलं कुलूप त्याच्या हातात ठेवलं, किल्लीसकट. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि किल्ली माझ्या मुठीत परत दाबली, तशीच घट्ट. म्हणाला, की ज्याचं त्यानंच काढायचं असतं.

गिरणीत पुन्हा लागलोय. साहेबाकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. तो कामावरून काढील असं वाटलं होतं, पण मेस्त्री आता लांब्या आहे आणि तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. टाकीत शिरताना दोर बांधतो. पाणी प्यायला वर आलो तरी सांगून येतो. टोळीत सगळे हसतात. घरी आलो की मामासमोर उभा राहून सांगतो, मामा, मी बाहेर आलो. तो मान हलवतो, छान म्हणतो, आणि सातवं बोट उघडंच ठेवतो.

पुढच्या महिन्यात तू येणार आहेस, म्हणून आधीच लिहून ठेवतो. लोभ ठेव, पण इथं आल्यावर मला नावानं हाक मारू नकोस. नाव ऐकलं की तो दोर शोधायला उठतो.

तुझा धाकटा