भट्टीच्या दारावरचं चुंबक

प्रिय बाळ,

मी, तुझा बाप आणि या फरशी कारखान्याचा हिशेबप्रमुख, हे पत्र चौकशीच्या आदल्या दिवशी एकाच कारणासाठी लिहीत आहे. भट्टीची नियंत्रणं तू बसवलीस, त्याच भट्टीवर तुझा काका गेला, आणि दोष आपल्या यंत्रणेचाच होता असं तू उद्या लिहून देणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं.

आधी कामाचं सांगतो, कारण ते निर्विवाद आहे. पूर्वी आच काकाच्या अंदाजावर चाले. कधी फरशा करपत, कधी कच्च्या राहत. तू सेन्सर बसवलेस आणि भट्टी स्वतःच आच सांभाळू लागली. इंधन वाचलं, वाया जाणारा माल क्वचितच दिसू लागला. काका मात्र सगळ्यांना सांगत फिरे, "दादाच्या लेकीने माझ्या डोक्यावर सासू आणून बसवलीय! जरा दार उघडलं की रुसते." त्यात कुरकुर कमी आणि कौतुक जास्त होतं, हे तुलाही ठाऊक आहे.

रुसणं मात्र खरं होतं. दार उघडलं की फरशांचे गाडे आत ढकलणारा दांडा थांबे, आणि पुन्हा सुरू करताना आच जुळेपर्यंत वाट पाहावी लागे. काकाला वाट पाहणं कधी जमलं? त्याने दाराच्या सेन्सरवर चुंबक चिकटवलं. दार सताड उघडं असलं तरी यंत्रणा ते बंदच समजे. अडकलेला गाडा सोडवायला तो आत वाकला आणि दांडा पुढे आला.

ते चुंबक मलाच सापडलं. तुझी काकू म्हणाली, "भाऊजी, ते फेकून द्या. गेलेल्या माणसाला कशाला बोल लावता?" मी ते फेकलं नाही. तिच्यासाठीच तू दोष पत्करते आहेस, हेही मी जाणतो.

परंतु यंत्रणा दोषी ठरली, तर व्यवस्थापक ती उरलेल्या भट्ट्यांवरूनही काढून टाकणार आहेत. मग दार उघडलं तरी दांडा चालूच राहील, आणि त्याच्यापुढे कुणाचा तरी भाऊ वाकलेला असेल. म्हणून आज मी ते चुंबक चौकशी समितीच्या स्वाधीन केलं. काकूने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. तुझ्याशीही कदाचित सोडेल. तू सही करू नकोस. माझ्या धाकट्या भावाला मीच दोषी ठरवलं आहे. ते ओझं माझ्याकडेच राहू दे.

तुझाच,
बाबा
हिशेब विभाग, कारखाना
गुरुवार, १९ जून