मदेराचा समुद्र आणि पप्पा

रविवार, वटार

अजून हसू आवरत नाहीये! शेजारचे काका आमच्या सहलीचे फोटो बघायला आले होते. मदेरा म्हणजे पोर्तुगालचं बेट. खाली निळाशार समुद्र, उतारावर केळीच्या बागा. तिथे पप्पांनी कुंपणातून हात घालून परक्याच्या केळीची सुकलेली पानं ओढायला घेतली.

"पप्पा, आपली वाडी नाय ही!" मी ओरडले.

मालकीण बाहेर आली. मला वाटलं, आता पोलीस. पण तिने आतून कोयता आणून पप्पांच्या हातात दिला! मग काय, समुद्राकडे पाठ करून दोघांनी सुकलेली पानं साफ केली. मी त्यांना समुद्र दाखवायला नेलं होतं ना?

काकांनी विचारलं, "समुद्र कसा काय तिथला?"

पप्पा फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "समुद्र काय, आपल्याकडं पण आहे. केळी बघ केळी!"

आणि आमच्या मागच्या दारी केळीशिवाय दुसरं आहे काय?