ट्रे हलत होता

ताई,

दुपारी चार वाजता इन्क्युबेटरमधला ट्रे हलताना मी स्वतः पाहिला. सकाळी तू तेच सांगत होतीस आणि मी अंथरुणातूनच म्हणालो, "प्रोग्रॅममध्ये मोटर बंद केलीय म्हणजे बंद. तुला भास होतोय."

भास नव्हता. मोटर चालू-बंद करणारा नवा रिले काल जोडताना मी वायर शेजारच्या स्क्रूला लावली. त्यामुळे सगळं उलटं झालं. प्रोग्रॅम चालवणाऱ्या बोर्डाने 'बंद' म्हटलं की मोटर फिरते. पिल्लं निघायच्या वेळी अंडी हलता कामा नयेत, हे तूच मला शिकवलंस, आणि मी ती कालपासून घुसळतोय. तुझी लंगडी कोंबडी आता नाही. तिची मागे राहिलेली अंडी एवढीच.

गुरांचे डॉक्टर फोन उचलत नाहीत, म्हणून त्यांच्या घरी जातोय. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही, हेही खरं. झाकण उघडू नकोस, आतली ओल जाईल. उबेच्या दिव्याचा प्लग वेगळा आहे, तो राहू दे.

मोटर आणि रिले, दोन्हींचे प्लग मी काढलेत. मघापासून आतून बारीक टकटक येत होती, ती मी रिलेची समजत होतो.

ती अजून येतेय.